बोटीचा टप

चार पदरी कॅनव्हासवर सुई अडली, तसा तिनं पायडलवरचा पाय काढून घेतला आणि मशीनचं चाक हातानं पुढं ढकललं. सुई कुरकुरत कापडात उतरली आणि खालचा दोरा घेऊन वर आली. पुन्हा चाक, पुन्हा एक टाका. कोपऱ्यातले अकरा टाके असे हातचाकानं घालून झाल्यावर तिनं दोरा कापला, दोन्ही अंगठ्यांनी शिवण ताणून पाहिली आणि कापड मांडीवर पसरलं. शिवण सरळ आली होती. वाकडी आली असती तर उसवण्यात आणखी एक दिवस गेला असता, असं तिच्या मनात येऊन गेलं.

"झालं का गं?" बाहेरून नवऱ्यानं विचारलं.

"झालंच."

"उगाच घाई करू नकोस. नीट होऊ दे."

"नीटच झालंय."

मागच्या अंगणात त्याच्या चपला फरशीवर दोन वेळा इकडून तिकडे वाजल्या आणि थांबल्या.

तिनं मशीनवरचा दिवा बंद केला नाही. भर दुपारीसुद्धा या खोलीत आणि स्वयंपाकघरात दिवा लावावा लागायचा. अंगणाकडच्या दोन्ही खिडक्यांसमोर बोट होती. चोवीस फुटांची शिडाची बोट, लाकडी टेकूंवर उभी. खिडकी उघडली की समोर तिचं हिरवं पोट, दुसरं काही नाही. अकरा वर्षांपूर्वी तिथं नुसत्या फळ्या येऊन पडल्या होत्या, तेव्हा तिला वाटलं होतं, स्वयंपाकघरासाठी मांडणी करतोय.

नवरा लिफ्टचा मेकॅनिक. छत्तीस वर्षं नोकरी केली. आयुष्यभर वर-खाली गेलो, आता थोडं आडवं जायचंय, हा त्याचा ठरलेला विनोद होता आणि घरी येणारा प्रत्येक पाहुणा तो एकदा तरी ऐकून जायचा. गल्लीनं त्याला आधी चेष्टेनं कप्तान म्हणायला सुरुवात केली. पुढं चेष्टा गळून पडली आणि कप्तान तेवढा उरला. बोट पाण्यात टाकायची, घर भाड्यानं द्यायचं आणि दोघांनी किनाऱ्याकिनाऱ्यानं वर्षभर, जमलं तर दोन वर्षं हिंडायचं, हा बेत आता लहान पोरांनाही पाठ होता. भाडेकरूही ठरले होते. येत्या एक तारखेला ते राहायला येणार होते. घर बघायला आले तेव्हा त्यांतल्या सुनेनं खिडक्यांचे पडदे हातात घेऊन पाहिले आणि हे तेवढे राहू द्या म्हणाली. तिनं मान हलवली. ते पडदे तिनं स्वतः शिवले होते. पडदे, गाद्यांच्या खोळी, सोफ्याचे अभ्रे, स्कूटरची आणि मोटारीची कव्हरं हाच तिचा धंदा. अर्धं गाव तिला पडदेवाल्या बाई म्हणून ओळखायचं.

एक तारखेला वीस दिवस उरले होते आणि तिला जायचं नव्हतं. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

सांगायची वेळ बरेचदा आली होती. ही फळी इथं बरी दिसते ना, असं त्यानं विचारलं तेव्हा सांगता आलं असतं. डोलकाठी आली तेव्हा, इंजिन आलं तेव्हा, केबिनमधल्या दोन अरुंद बाकांवर टाकायच्या गाद्यांची मापं त्यानं तिलाच घ्यायला लावली तेव्हा. प्रत्येक वेळी तो पेन्सिल कानावर खोचून, तोंडभर हसून उभा असायचा. ती हो म्हणायची. एकेका होकारानं बोट वाढत गेली आणि खिडकी झाकत गेली.

एकदाच तिनं अंग चोरायचा प्रयत्न केला. गेल्या हिवाळ्यात त्याच्या एका मित्राच्या बोटीतून दोघं चार तास फिरून आली होती. बोटीचं नाक लाटेत शिरलं की पाण्याचा सपकारा थेट तोंडावर यायचा. गळ्यातून आत, पाठीवरून खाली. चार तास ती दोन्ही हातांनी कठडा धरून बसली होती आणि तिचे दात वाजत होते. घरी येऊन कपडे पिळताना ती म्हणाली, "वर टप असल्याशिवाय मी तुमच्या बोटीत पाय ठेवणार नाही."

तिला वाटलं, सुटले. त्याच्या हातून एकेक काम व्हायला दोन-दोन वर्षं लागत. पण टप लोखंडाचा नसतो, कापडाचा असतो, आणि कापड म्हटलं की ते कुणाच्या वाट्याला येणार, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. पुढच्याच आठवड्यात तो खांद्यावर कॅनव्हासचा तागा घेऊन गल्लीतून आला. दारातूनच मोठ्यानं म्हणाला, "घे. आता सगळं तुझ्या हातात. टप झाला की निघायचंच." शेजारचे चष्मेवाले कुंपणाच्या भिंतीवर कोपरं टेकून उभे होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या. आपणच घातलेल्या अटीत आपण असे अडकलो, आणि वर चहाही आपणच करायचा. तिनं त्या दिवशी तिघांचा चहा केला.

काम लांबवायचं तिनं ठरवलं होतं. पण हातांना तसली सवय नव्हती. तीस वर्षं गिऱ्हाइकाला दिलेली तारीख पाळलेले हात ते. मशीनवर बसली की काम पुढं सरकायचंच. उलट नवराच या वेळी कधी नव्हे तो चोखंदळ झाला होता. आधी म्हणाला, टप बुटका झालाय. तिनं उसवून चार बोटं वाढवला. मग म्हणाला, समोरचं बघायची प्लास्टिकची खिडकी लहान आहे. तिनं ती काढून मोठी बसवली. मग म्हणाला, दोरा पांढरा नको, उन्हानं कुजेल. तिनं सगळी शिवण काळ्या दोऱ्यानं पुन्हा घातली. दर वेळी तिला दोन दिवस लागले आणि दर वेळी, झालं, असं ती म्हणाली की तो क्षणभर गप्प व्हायचा. ते तिला पसंतीची खूण वाटायचं. आता मागचा पडदा तेवढा राहिला होता. पुढून टप आणि मागून पडदा लावला की बसायची जागा चारी बाजूंनी बंद होणार होती. तो पडदा आज झाला.

ती कापडाची गुंडाळी खांद्यावर टाकून अंगणात आली. तो शिडी धरून उभा राहिला. ती वर चढली, तो मागून चढला. टपाच्या शिवलेल्या नळीतून दोघांनी मिळून लोखंडी कमानी सारल्या. कापड वर उचललं गेलं आणि ताठ बसलं. कुठं चुणी नव्हती.

"एकदम टाइट," तो म्हणाला.

"पडदा लावून बघू. मी आतून खडूनं खुणा करते. तुम्ही बाहेरून फिरक्या लावा."

फिरक्या ही तिचीच सूचना होती. साधी टिचबटणं वाऱ्यानं सुटतील म्हणून तिनं मोटारींच्या कव्हरांना लावायची तशी पितळी फिरकीची बटणं घेतली होती. कापडातल्या लांबट भोकातून फिरकी बाहेर काढायची आणि आडवी फिरवायची. एकदा आडवी झाली की कापड फाटेल, पण फिरकी सुटणार नाही. अशा बावीस होत्या.

ती आत बाकावर बसली. मांडीवर कात्री, हातात खडू. पडदा खाली आला आणि उजेड गेला. खिडकीच्या प्लास्टिकला ओरखडे पडू नयेत म्हणून त्यावर चिकटवलेला तपकिरी कागद तिनं अजून काढला नव्हता. आत नुसता मळकट पिवळा अंधार होता. बाहेरून एकेक फिरकी कट् असा आवाज करत फिरत गेली, तिच्या डाव्या खांद्यापासून पाठीमागून उजव्या खांद्यापर्यंत. तिनं गुडघ्यावर बसून कडेनं खुणा केल्या. दोन ठिकाणी कापड अर्धं बोट जास्त होतं.

"झालं. सोडा आता."

बाहेर थोडी झटापट झाली. "घट्ट आहेत गं. नवीन आहेत ना. बोटांनी फिरत नाहीयेत. थांब, पक्कड आणतो."

शिडी करकरली आणि त्याच्या चपला घराकडं गेल्या.

ती थांबली. आत नव्या कॅनव्हासचा उग्र वास कोंडला होता. केबिनचं दार तिच्या गुडघ्यांसमोरच होतं, पण आत कालच व्हार्निश दिल्यामुळं त्यानं त्याला कुलूप घातलं होतं आणि किल्ली त्याच्या खिशात होती. तिनं सहज जवळच्या फिरकीवर हात नेला. बोटांना गुळगुळीत चपटी टिकली लागली. दुसऱ्या फिरकीलाही तशीच टिकली. आतून धरायला काहीच नव्हतं. तिनं गुडघ्यावर सरकत एकेक चाचपली आणि मग ती परत बाकावर बसली.

बावीसही फिरक्या बाहेरून होत्या. तिनंच बसवल्या होत्या, आखून, मोजून. आजवर तिनं शेकडो कव्हरं शिवली होती आणि त्यांतल्या एकाही कव्हराच्या आत माणूस बसणार नव्हता. स्कूटर आतून हाक मारत नाही. हात सवयीनं चालले आणि तिनं बोटीलाही स्कूटरसारखंच बांधून टाकलं. भर समुद्रात, पाऊस आणि लाटा चालू असताना, या पडद्याआड बसलेली दोन माणसं बाहेर कशी येणार, असा प्रश्न तिला पडलाच नव्हता. दोन महिने ती टप शिवत होती आणि एकदाही तिनं स्वतःला त्याच्या आत बसवून पाहिलं नव्हतं.

पण त्याच्या लक्षात कसं आलं नाही? दार आतून उघडतं की नाही हे बघणं, याच कामाचा तर छत्तीस वर्षं त्यानं पगार घेतला. सुट्टीत कुठं गेले तरी हॉटेलच्या लिफ्टचं दार तो दोनदा चालवून बघायचा.

शिडी पुन्हा करकरली. "पक्कड सापडत नाहीये. कुठं ठेवली कोण जाणे. घाबरली नाहीस ना?"

हा त्याचा कामावरचा आवाज होता. सावकाश, जरा खालच्या पट्टीतला. दोन मजल्यांमध्ये लिफ्ट अडकली की दारापलीकडून तो याच आवाजात आतल्या माणसाशी बोलत राहायचा. घरी येऊन सांगायचा, बंद दारामागून लोक काय काय बोलून जातात, तोंड दिसत नाही ना, म्हणून. एका साहेबानं तर बायकोला फसवल्याचं त्याला सांगून टाकलं होतं.

त्याचं तोंड तिला दिसत नव्हतं. समोर नुसतं कापड होतं, तिनंच शिवलेलं.

"अहो," ती म्हणाली, "मला यायचं नाही."

"कुठं?"

"बोटीतून. कुठंच. मला पाण्याची भीती वाटते. त्या दिवशी तुमच्या मित्राच्या बोटीत मी मरते की काय असं झालं होतं मला. टपाचं मी उगाच म्हटलं. तो असला काय, नसला काय, मला जायचं नाही."

तिनं कात्री घट्ट धरली. तो आता ओरडेल, किंवा त्याहून वाईट म्हणजे हळू आवाजात विनवणी करील, असं तिला वाटलं. अकरा वर्षांचं काम होतं. त्याच्या डाव्या खांद्याचं दुखणं या फळ्या वाहून सुरू झालं होतं. आपण माणसाचं काय करून ठेवलं, या विचारानं तिला रडू यायला लागलं.

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

"पहिल्यापासून."

"बोलायचं नाही का मग?"

"कसं बोलणार? तुम्ही एवढं..."

"हं." मग त्यानं एक मोठा श्वास सोडला. कापडातूनही तो तिला स्पष्ट ऐकू आला. "राहिलं मग. एकट्याचं काम नाहीच हे. दोघांचाच बेत होता."

एवढंच. तिनं वाट पाहिली. अगं विचार कर, असं तो म्हणाला नाही. महिनाभर येऊन तर बघ, असंही म्हणाला नाही. जवळच्या जवळ जाऊन येऊ, म्हणाला नाही. आणि त्याचा आवाज तिला ओळखीचा वाटला. चार वर्षांपूर्वी त्याच्या मानेवर गाठ आली होती. डॉक्टरांनी काही नाही म्हणून सांगितलं, तेव्हा दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना, चल, रिक्षानं जाऊ, असं तो याच आवाजात म्हणाला होता.

ती एकदम ताठ बसली. बुटका झालाय, खिडकी लहान आहे, दोरा पांढरा नको. उगाच घाई करू नकोस.

त्यालाही जायचं नव्हतं.

"काय कप्तान," भिंतीपलीकडून चष्मेवाल्यांचा आवाज आला, "चढला का टप?"

"टप चढला हो, पण बेत उतरला."

"म्हणजे?"

शिडी भराभर वाजली. खांदा दुखणारा माणूस एवढ्या झटपट खाली उतरलेला तिनं कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. मग भिंतीजवळून त्याचा आवाज येऊ लागला. "हिची तयारी नाही. आत्ताच म्हणाली. पाण्याची भीती आहे तिला."

"अरेरे. एवढी मेहनत घेतलीत."

"काय करणार? रडली हो बिचारी. मी काय, उद्याही निघालो असतो. पण बायकोचं मन मोडून जायचं म्हणजे..."

"खरंय. तुमच्या जागी दुसरा असता तर ऐकलं नसतं."

"चालायचंच. कळवायला पाहिजे भाडेकरूंना. मुलीलाही फोन करतो. तिला वाईट वाटेल."

ती रडली नव्हती. डोळ्यांत पाणी आलं होतं तेही त्याच्यासाठी, आणि ते आता वाळलं होतं. तिला राग आला, इतका, की कानशिलं गरम झाली. माणसानं भ्यावं, त्याला तिची ना नव्हती. तीही भ्यालीच होती. पण अकरा वर्षं दोघं एकाच अंथरुणावर पाठीला पाठ लावून एकाच गोष्टीला भीत पडली होती, आणि त्यानं ते तिच्या तोंडून निघेपर्यंत वाट पाहिली. निघालं, तसं उचलून थेट भिंतीपाशी नेलं. आणि जाताना फिरक्या सोडायचं विसरला.

पुढचं तिला सगळं दिसत होतं. मुलीच्या फोनवर तो उसासा टाकील. लग्नाकार्यात कुणी विचारलं तर हसून तिच्याकडं बोट दाखवील. आमची ही पाण्याला भिते हो. चष्मेवाले दर वेळी अरेरे म्हणतील. बोट तर हलणारच नाही. खिडकीसमोर तशीच राहील, हिरवं पोट घेऊन, आणि दिवसाउजेडी दिवा लावून ती पोळ्या लाटत असताना तो जेवता जेवता एखाद्या दिवशी म्हणेल, गेलो असतो आपण. शेवटपर्यंत हेच. तिनं कात्रीची दोन्ही पाती उघडली आणि टोक पडद्याच्या शिवणीत घातलं. दोन टाके तोडले की हात बाहेर जाण्याएवढी फट पडली असती. आता टप कुणाला लागणारही नव्हता. हात बाहेर गेला की फिरकी, मग दुसरी, मग घर, मग चहा.

तिनं कात्री मिटून बाकावर ठेवली.

"अहो," तिनं हाक मारली.

"आलो, आलो. विसरलोच बघ. पक्कड भिंतीवरच होती, यांनी मागून नेलेली."

"भाऊजी आहेत का तिथं अजून?"

"आहे की, वहिनी," चष्मेवाले म्हणाले. "मनाला लावून घेऊ नका. व्हायचंच असं."

"मग दोघंही ऐका," ती म्हणाली. आवाज मोठा काढावा लागला, कॅनव्हास जाड होता. "मघाशी आत कोंडल्यासारखं झालं म्हणून मी काहीबाही बोलले. मी येणार आहे. भाडेकरूंना काही कळवू नका. या फिरक्या आतूनही उघडायच्या करायच्या आहेत, त्याला मला दोन दिवस पुरेत. एक तारखेला आपण निघू."

भिंतीपलीकडून एक टाळी वाजली, मग आणखी दोन. "वा, वहिनी. कप्तान, आता काय म्हणता?"

तो काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. शिडी एकेका पायरीनं करकरत वर आली. तिच्या डाव्या खांद्याजवळ पक्कड पितळेवर घासली आणि पहिली फिरकी फिरली. पडद्याच्या कोपऱ्यातून उजेडाची एक चीर तिच्या गुडघ्यावर पडली. ती पुढच्या फिरकीची वाट बघत बसली. तो बाहेर अगदी जवळ उभा होता, त्याचा श्वास तिला ऐकू येत होता, आणि बराच वेळ झाला तरी दुसरी फिरकी काही फिरली नाही.